अमेरिकेतल्या एका गावाचा सातबारा

अण्णा अबू धाबीला आले ते नव्वद दिवसांच्या व्हिसावर, आणि अठराव्या दिवशी त्यांनी परत जायचं जाहीर केलं. जेवताना आमटीचा एक भुरका मारला आणि मीठ कमी आहे असं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "तिकीट अलीकडचं बघा. इथं बोलायला माणूस नाही."

मी समोर बसले होते. शेजारी माझा नवरा होता, त्याच्या शेजारी आमची नऊ वर्षांची लेक. तीन माणसं ताटावर असताना बोलायला माणूस नाही म्हणणारे हे माझे वडील. पण मीही त्यांचीच मुलगी. "बरं," म्हटलं, "बघू." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि मुकाट्याने मोबाइल काढून तिकीट दीड महिना अलीकडे आणलं. आता हातात सत्तावीस दिवस उरले होते.

अण्णा तलाठी होते. सातारा जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात तीस-एक वर्षं त्यांनी जमिनींची दप्तरं सांभाळली. कुठल्या गटात कुणाचं नाव, कुठली विहीर कुणाच्या सामाईकात, कुणी कुणाचा बांध कोरला, हे त्यांना तोंडपाठ. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, असं मी एकदा त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणू देत की. नाव बदलून बांध सरकत नाही." आई गेल्यापासून दोन वर्षं ते गावी एकटेच राहत होते. यावर्षी मी रडून, भांडून, शेवटी अबोला धरून त्यांना आणलं होतं.

आणलं ते कुठे, तर अल रीम बेटावरच्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, सत्ताविसाव्या मजल्यावर. त्यातली छोटी खोली लेकीची. ती अण्णांना दिली आणि लेकीची गादी आमच्या खोलीत टाकली. पहिल्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "बट इट्स माय रूम." नंतर काहीच म्हणाली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. स्वतःच्याच खोलीत पुस्तक आणायला जाताना ती दारावर टकटक करायची, साहेबाच्या केबिनमध्ये शिपायाने जावं तशी.

तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. अण्णांना इंग्रजी कागदावर कळतं, पण तिचं भरधाव अमेरिकन शाळेतलं इंग्रजी त्यांच्या कानाला लागत नव्हतं. "जेवलीस का?" "येस." "शाळा कशी झाली?" "फाइन." अण्णा मला म्हणाले, "पोरगी पावती फाडल्यासारखी बोलते."

मला दोघांचाही राग येत होता. खरं सांगायचं तर रागाच्या आत भीती होती. अण्णा आता गेले तर पुन्हा येणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. मग या मुलीला आजोबा म्हणून काय आठवणार? दीड महिना तिची खोली अडवून बसलेला एक म्हातारा माणूस. आणि अण्णांना नात म्हणजे दोन इंग्रजी शब्द.

अशात शाळेतून प्रोजेक्ट आला. लेकीच्या वर्गशिक्षिका अमेरिकेच्या मधल्या भागातल्या, प्रेअरी म्हणतात त्या गवताळ मुलखातल्या. प्रेअरी म्हणजे आपलं माळरानच, पण हजार माळरानं एकापुढे एक जोडावीत एवढं. त्या बाईंचं गाव काही शे वस्तीचं. त्यांनी आपल्या त्या गावाची कागदपत्रं मुलांना वाटली होती: एक जुना नकाशा, चार फोटो, गावाच्या वाढदिवसाला काढलेल्या पुस्तिकेतली काही पानं. त्यावरून प्रत्येकाने 'प्रेअरीतल्या एका छोट्या गावाचा इतिहास' लिहून वर्गात सांगायचा. तीन आठवड्यांनी, आईवडिलांसमोर.

लेक जेवणाच्या टेबलावर ते सगळं पसरून बसली होती, तोंड एवढंसं करून. मी भाजी निवडत होते. अण्णा चहाचा कप घेऊन गॅलरीकडे निघाले होते. टेबलाजवळून जाताना त्यांची नजर नकाशावर गेली आणि ते थांबले. कप खाली ठेवला. चष्मा पुसला. आणि अठरा दिवसांत मी ऐकला नव्हता अशा आवाजात विचारलं, "हा गटनकाशा कुठला गं?"

"इट्स अ टाउन," लेक म्हणाली. "इन अमेरिका."

नकाशावर नुसते चौकोन होते. सहा आडवे, सहा उभे, एकूण छत्तीस. सगळे सारखे, पट्टीने आखलेले. कोपऱ्यात नखाएवढं गाव आणि चौकोनांना तिरपी छेदून गेलेली रेल्वे. अण्णांनी बोट ठेवून चौकोनांचे नंबर वाचले. एक ते सहा उजवीकडून डावीकडे, मग सात ते बारा डावीकडून उजवीकडे. "बघ," ते म्हणाले, "नांगर फिरतो तसे नंबर घातलेत. तास संपला की बैल वळवायचा." मग चौकोनाच्या कडेला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते त्यांनी नाकाला कागद लावून वाचलं. ऐंशी चेन.

"साखळी!" अण्णा ओरडलेच. "अगं, हे लोक साखळीनं मोजतात!"

त्यांनी लेकीची वही ओढली, पेन्सिल घेतली आणि आकडे मांडायला लागले. आपली मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची. त्यांची सहासष्ट. म्हणजे आपल्या दोन, त्यांची एक. एक चौकोन म्हणजे एक मैल लांब, एक मैल रुंद, सहाशे चाळीस एकर. एकेका शेतकऱ्याला त्याचा चौथा हिस्सा, एकशे साठ एकर. "म्हणजे सहा हजार चारशे गुंठे," अण्णा म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. "आमच्याकडं दोन गुंठ्यांवरून डोकी फुटतात."

मग पुन्हा नकाशाकडे वाकले. "पण एवढे सरळ बांध म्हटल्यावर हे लोक भांडतात तरी कशावरून?"

लेक हसली. मोठ्याने, तोंडावर हात ठेवून. मी मेथी तशीच हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर होते. मी एका बांधकाम कंपनीत कागदपत्रं सांभाळते. कुठल्या आराखड्याची कितवी आवृत्ती, कुणाकडे गेली, कुणी मंजूर केली, याचा माग ठेवायचा. तलाठ्याच्या मुलीने दुसरं काय करायचं! संध्याकाळी घरी पोचले तर आमच्या टॉवरखाली पाण्याच्या कडेने जो फिरायचा रस्ता आहे तिथे घोळका जमलेला. मध्ये अण्णा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांच्या हातात नायलॉनच्या दोरीचं एक टोक. दुसरं टोक आमच्या बिल्डिंगच्या सिक्युरिटी गार्डच्या हातात. आणि मधोमध माझी लेक, दोरीवरच्या गाठी मोजत.

"ये दोरी उधर पकडो, साब. ढील मत सोडो," अण्णा साताऱ्याच्या हिंदीत गार्डला सांगत होते. गार्ड नेपाळचा, गंभीर चेहऱ्याचा. तो खरं म्हणजे इथे दोरी लावायला मनाई आहे असं सांगायला आला होता, असं मला नंतर कळलं. अण्णांनी त्याच्या हातात टोक दिलं आणि त्याने धरलं. माझ्या वडिलांनी हातात काही दिलं की लोक धरतात, ही त्यांची जुनी करामत.

"मम्मा, धिस इज मेन स्ट्रीट!" लेक ओरडली. "सिक्स्टी-सिक्स फीट! आजोबा सेज टू चेन्स!"

गावाचा मुख्य रस्ता किती रुंद होता, हे ते आखून बघत होते. दोरी आणली होती खालच्या बकाल्यातून. किराणा दुकानाला इथे सगळे बकालाच म्हणतात. दुकानदार केरळचा. तो दुकान पोऱ्यावर न सोपवता स्वतः शटर अर्धं ओढून बघायला आला होता. दोरी बारा दिरहमची. "म्हणजे पावणेतीनशे रुपये!" अण्णांनी मला बघताच तक्रार केली. "दोरीला! त्यात बैल बांधून देतात का विचारलं मी." दुकानदाराला मराठी येत नव्हतं, पण आपल्याबद्दल चाललंय हे कळून तो खूश दिसला. "चाचा, अगली बार दस में, खलास," म्हणाला.

तिथून पुढे रोज संध्याकाळी हीच गंमत. शाळा एकीकडे, अण्णांची शिस्त एकीकडे. त्यांच्या मते गावाचा इतिहास म्हणजे गोष्ट नव्हे. गावाचा इतिहास म्हणजे दप्तर. आधी चतुःसीमा: पूर्वेला काय, पश्चिमेला काय. मग पाणी. मग पीक. मग गावठाण, शाळा, स्मशान. लेकीने पानं उलटून उलटून उत्तरं शोधायची. पाणी? एक विहीर, तिच्यावर पवनचक्कीचा पंप. पीक? गहू, मका. धान्याचं उंच कोठार, रेल्वेच्या कडेला. स्मशान? ते पुस्तिकेत सापडेना. अण्णा हटून बसले. "स्मशान नाही असं गाव नसतं. बघ नीट." शेवटी नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात एका चौकोनात बारीकसा क्रॉस सापडला, तेव्हा लेकीने अण्णांच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चष्माच घसरला.

एक गोष्ट मात्र अण्णांना शेवटपर्यंत पटली नाही. त्या मुलखात आधी रेल्वे आली, इंजिनाला पाणी हवं म्हणून थांबली, आणि ती थांबली म्हणून तिथे गाव वसलं. "उलटं आहे हे," ते म्हणायचे. "आपल्याकडं गाव आधी, एसटी मागनं. तीही येईलच असं नाही."

या सगळ्यात लेक इंग्रजीतच बोलत होती आणि अण्णा मराठीत. पण पावती फाडणं बंद झालं होतं. ती आता टकटक न करता त्या खोलीत शिरायची. मी दोनदा बाहेर उभी राहून ऐकलं. लाज वाटली, पण ऐकलं.

दहा-एक दिवसांनी गाडी अडली. अण्णांनी स्वतःच्या हाताने ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर रकाने आखले होते, पट्टीने, सरकारी नमुन्यासारखे. पहिला रकाना मूळ कब्जेदाराचा. म्हणजे ही जमीन सगळ्यात आधी कुणाकडे होती. लेकीने पुस्तिकेतून वाचून दाखवलं की पहिली कुटुंबं आली तेव्हा माळ रिकामा होता. तिने तसं लिहायला पेन्सिल उचलली.

"थांब," अण्णा म्हणाले. "रिकामा म्हणजे?"

"एम्प्टी, आजोबा. नोबडी."

"तीस वर्षं नोकरी केली मी. रिकामी जमीन एकदाही बघितली नाही. कुणाची तरी गुरं चरत असतात, कुणी तरी सरपण नेत असतं, कुणाचा तरी देव असतो एका दगडात. कागदावर नसतील, पण माणसं असतात. हा रकाना मोकळा सोडून मी पुढं जाणार नाही."

"बट द बुक सेज..."

"पुस्तक कुणी लिहिलं? नंतर आलेल्यांनी."

मी मध्ये पडले. मला शाळेची काळजी. म्हटलं, अण्णा, चौथीतल्या मुलीचा प्रोजेक्ट आहे, हायकोर्टातला दावा नाही. बाईंनी जे दिलंय ते लिहू दे, मार्क्स मिळतील, खलास. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा चौथीत गेले. पण खरा धक्का लेकीने दिला. ती टॅब घेऊन बसली आणि बाईंना ईमेल लिहिला: माझे आजोबा विचारतात की मूळ कब्जेदार कोण होते, तो रकाना ते मोकळा सोडू देत नाहीत.

दोन दिवस उत्तर आलं नाही. मी मनात म्हटलं, झालं, बाई रागावल्या. तिसऱ्या दिवशी लांबलचक उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं की मी त्या गावात वाढले, त्या शाळेत शिकले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही कुणाला विचारला नाही. म्हणून मी घरी फोन केला, मग जिल्ह्याच्या ग्रंथालयात लिहिलं. खाली तिथल्या मूळ लोकांच्या तीन जमातींची नावं होती. ते उन्हाळ्यात म्हशींसारख्या मोठ्या रानजनावरांमागे त्या माळावर यायचे. त्यांच्याकडून जमीन कशी लिहून घेतली, तेही थोडक्यात होतं. लेकीने तिन्ही नावं पहिल्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिली. अण्णांनी प्रत्येक नावाचं स्पेलिंग दोनदा तपासलं. "नाव चुकलं की वारस भटकतात," म्हणाले.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी मी कामावरून आले तर दारात दोन जोड्या अनोळखी चपला. आत सोफ्यावर सिक्युरिटी गार्ड आणि बकाल्याचा मालक, दोघांच्या हातात चहा. टेबलावर तो मोठा कागद. आणि गार्ड जीभ दातांत धरून कागदाच्या खाली सही करतोय.

"अण्णा, हे काय चाललंय?"

"पंच," अण्णा शांतपणे म्हणाले. "पंचांच्या सह्यांशिवाय कागदाला किंमत नाही."

माझं डोकंच फिरलं. "यांनी अमेरिका पाहिलीय का? हे दोघं त्या गावाचे साक्षीदार? उद्या सगळे पेरेंट्स येणार, प्रिन्सिपल येणार. लोक हसतील हिला!"

"पंचांनी गाव बघायचं नसतं. मोजणी बघायची असते. मोजणी यांनी बघितली. दोरी यांनीच धरली होती."

"मॅडम, दोरी मेरी दुकान की है," बकाल्याच्या मालकाने पुस्ती जोडली.

मी लेकीला म्हटलं की चल, आपण खालचा भाग कापून टाकू, अजून वेळ आहे. ती कागदासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. "नो, मम्मा. इट्स नॉट व्हॅलिड विदाउट पंच." पंच हा शब्द तिने अगदी अण्णांसारखा उच्चारला. मी पाहुण्यांना आणखी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत बाकीच्या मुलांचे कागद रंगीत होते. गव्हाच्या लोंब्या चिकटवलेले, कापसाचे ढग लावलेले, एकाने तर चालणारी पवनचक्की आणली होती. आमचा कागद काळ्या शाईतला, रकान्यांचा, खाली दोन सह्या. मी ओढणीशी चाळा करत बसले. अण्णा माझ्या शेजारी ताठ बसले होते, जुन्या दिवसांत साहेबांच्या तपासणीला बसायचे तसे.

लेक उभी राहिली आणि तिने एकेक रकाना सांगितला. साखळ्या सांगितल्या. नांगरासारखे नंबर सांगितले. हे लोक भांडतात कशावरून, हेही विचारलं, आणि मागे बसलेल्या एका बापाच्या तोंडून हसू फुटलं. शेवटी बाईंनी सह्यांवर बोट ठेवून विचारलं की हे दोन सद्गृहस्थ कोण. "विटनेसेस," लेक म्हणाली. "वन इज अवर सिक्युरिटी गार्ड अँड वन इज अवर ग्रोसर." वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या, अगदी डोळे पुसेपर्यंत. पण माझ्या मुलीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पंच का लागतात, हे तिने हसू थांबेपर्यंत उभं राहून समजावून सांगितलं.

मग बाई पहिल्या रकान्यापाशी थांबल्या. तिथे त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझे आजोबा शेत नांगरताना सापडलेली दगडी बाणांची टोकं कॉफीच्या डब्यात ठेवायचे. आम्ही मुलं त्यांच्याशी गोट्यांसारखं खेळायचो. ती कुणाची, हे आम्ही कधी विचारलं नाही.

अण्णा माझ्या कानाशी लागले, पण मग माझ्याऐवजी लेकीकडे वळले. "त्यांना विचार, गावात आता माणसं किती?"

लेकीने विचारलं. बाई म्हणाल्या, दरवर्षी कमी. शाळा बंद झाली, मुलं बसने शेजारच्या गावी जातात. रेल्वे थांबत नाही. माझी आई अजून तिथेच आहे, एकटी, आणि म्हणते की बोलायला कुणी उरलं नाही.

हे लेकीने अण्णांना मराठीत सांगितलं. अडखळत, पण मराठीत. "आजोबा, त्यांची आई म्हणते, बोलायला कोणी नाही."

अण्णांनी मान हलवली. "आमच्याही गावचं तसंच आहे म्हणावं," ते म्हणाले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमटी भुरकताना ते जे म्हणाले होते, ते नुसतं अबू धाबीबद्दल नव्हतं. तिकडेही माणूस नव्हता. निदान तिकडे घर तरी आपलं, एवढाच हिशोब त्यांनी केला होता. मला तिथे, त्या रंगीत कागदांच्या गर्दीत, रडू आलं, आणि मी सर्दीचं निमित्त केलं.

निघताना बाईंनी विचारलं, या कागदाची एक प्रत गावच्या ग्रंथालयाला पाठवली तर चालेल का? लेकीने भाषांतर केलं. अण्णा म्हणाले, "नक्कल मिळेल. अर्ज करावा लागेल." मला वाटलं जमीन दुभंगावी. पण बाईंनी तिथल्या तिथे कोरा कागद घेऊन अर्ज लिहिला, सही केली, तारीख घातली आणि दोन्ही हातांनी अण्णांना दिला. त्या दिवशी घरी येईपर्यंत अण्णा गाडीत शीळ वाजवत होते.

तरीही तिकीट होतं तसंच होतं. बारा तारखेचं. अण्णांनी बॅग काढली, खजुराची खोकी मोजली. मी थांबा म्हणाले नाही, ते थांबू का म्हणाले नाहीत. आमच्या घरात हे असंच चालत आलंय. आई होती तोवर ती मध्ये बोलायची. आता मध्ये कुणी नव्हतं.

आठ तारखेला दुपारी लेक छोट्या खोलीतून बाहेर आली. तिच्या हातात रकाने आखलेला कागद होता. टॅबवर बघून बघून काढलेल्या वाकड्यातिकड्या मराठी अक्षरांत लिहिलेला. तिने मराठी लिहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. तिने तो अण्णांच्या पुढ्यात ठेवला. मी मागून वाचला.

गाव: अल रीम. मजला: सत्तावीस. जमीन: छोटी खोली. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला किचन, उत्तरेला मम्मा पप्पा, दक्षिणेला लिफ्ट. मूळ कब्जेदार म्हणून तिचं स्वतःचं नाव होतं. पुढच्या रकान्यात, नवीन कब्जेदार: आजोबा. खाली दोन सह्या, गार्डची आणि बकाल्याच्या मालकाची. गार्डने या वेळी हुद्दाही लिहिला होता.

अण्णांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. आणि बोलायला लागले ते तलाठ्याच्याच आवाजात. "ही फेरफार नोंद झाली. एकाचं नाव जाऊन दुसऱ्याचं लागतंय. अशी नोंद लगेच मंजूर होत नाही, बाळ. पंधरा दिवस नोटीस चावडीवर लावावी लागते. कुणाची हरकत असेल तर त्यानं त्या मुदतीत कळवायचं. मग मंडल अधिकारी मंजूर करतात."

"मंडल अधिकारी हू?"

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "ही. कागद मंजूर करायचंच काम करते ना."

"अँड चावडी?"

जरा विचार करून त्यांनी फ्रिजकडे बोट केलं. लेकीने उंटाच्या चुंबकाने कागद फ्रिजवर लावला. मग तिने बोटांवर दिवस मोजले आणि तिचा चेहरा पडला. "बट यू आर गोइंग ऑन द ट्वेल्थ."

अण्णांनी कागदाकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. मग जावयाला हाक मारली. "तिकीट पंधरा-सोळा दिवस पुढं न्या हो. नोटिशीची मुदत आहे. अर्धवट नोंद टाकून जाता येत नाही."

नवऱ्याने पुन्हा मुकाट्याने मोबाइल काढला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. या वेळी सर्दीचंही निमित्त लागलं नाही.

ते पंधरा दिवस आमच्या घरात सण होता. रोज कुणी ना कुणी नोटीस वाचायला यायचं. बकाल्याचा मालक आपल्या बायकोला घेऊन आला. लेकीने मराठी बाराखडी गिरवली. अण्णा 'एक्सक्यूज मी' म्हणून लिफ्टमध्ये लोकांना बाजूला सारायला शिकले. पण आतून मी दिवस मोजत होते. मुदत संपली की नोंद मंजूर आणि नोंद मंजूर की विमान. मी थांबा म्हणायचं ठरवायची, आणि दर वेळी चहा ठेवू का, एवढंच विचारायची.

चौदाव्या दिवशी पहाटे मी दूध काढायला फ्रिज उघडायला गेले. नोटिशीखाली आणखी एक कागद लावलेला होता. वहीचं पान, वर पट्टीने ओढलेली रेघ, आणि त्या रेघेला टांगलेली अक्षरं, एकसारखी, जणू छापलेली. त्याच अक्षरात माझ्या शाळेच्या वह्यांवर माझं नाव असायचं.

'सदर नोंदीस आमची हरकत आहे. सबब नोंद तूर्त मंजूर करू नये, ही विनंती.'

खाली सही नव्हती. हरकतदाराचं नाव नव्हतं.

माझ्या वडिलांना आयुष्यात हवंय म्हणता आलं नाही. त्यांनी अर्ज केला होता.

मी टेबलावरून पेन घेतलं. मंडल अधिकारी म्हणून माझी पहिलीच सही. खाली लिहिलं: हरकत दाखल. सुनावणीची तारीख... आणि कॅलेंडर बघून, व्हिसा ज्या दिवशी संपतो ती तारीख टाकली. आणि पुढे, कंसात नव्हे, स्वच्छ ओळीत: त्यानंतर पुढील व्हिसावर.

सातला अण्णा चहाला आले. फ्रिजसमोर उभं राहून त्यांनी सगळं वाचलं, दोनदा. माझी पाठ त्यांच्याकडे होती.

"एवढी लांबची तारीख?" ते म्हणाले.

"कामाचा बोजा आहे, अण्णा."

"हं," ते म्हणाले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मग चहा टाक एक कप जास्त. पोरीला उठवतो, बाराखडी राहिलीय तिची."